काळ्या मातीला चुना: फरशी, अंगण आणि शेतरस्ता फुगू नये म्हणून

वैशाखात काळ्या रानात पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो आणि आषाढात तीच जमीन मिटून, फुगून वर येते. विदर्भात, मराठवाड्यात, सोलापूरकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्याच जमिनीवर मुरूम पसरून फरशी बसवली जाते. दोन पावसाळ्यांत फरशी मधोमध पोट काढते, दारं चौकटीत अडकतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखी तिरपी भेग निघते. मग दोष गवंड्याचा की सिमेंटचा यावर भांडणं होतात. मूळ कारण मातीत असतं, आणि त्या मातीचा स्वभाव चुन्यानं खरोखर बदलता येतो. पण त्यासाठी ताजा चुना, बारीक फोडलेली माती आणि पुरेसं पाणी व वेळ, या तिन्ही गोष्टी जमाव्या लागतात. एक जरी चुकली तरी चुन्याचा खर्च वाया जातो.

माती फुगते का, चुना काय करतो

दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे पातळ थरांचे असतात. पाणी थरांमध्ये शिरलं की ते एकमेकांपासून लांब होतात, पाणी निघून गेलं की जवळ येतात.

चुना दोन टप्प्यांत काम करतो. पहिला टप्पा तासाभरातच दिसू लागतो. चुन्यातलं कॅल्शियम चिकणकणांना घट्ट बिलगतं, कण गुठळ्या धरतात आणि बोटांना चिकटणारी माती रवाळ होते. दुसरा टप्पा संथ असतो. मातीतल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कता मोजणारा आकडा, शुद्ध पाण्याचा ७) १२ च्या वर टिकला तर मातीतलेच सिलिका आणि ॲल्युमिना विरघळून चुन्याशी संयोग पावतात आणि सिमेंटसारखे बंध तयार होतात. हे काम आठवड्यांत सुरू होतं आणि महिनोन्महिने चालतं. पहिला टप्पा पाहून खूश होऊन चुना कमी टाकला, तर दुसरा टप्पा येतच नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो. "आमच्या रानात चुनखडीचे खडे आहेत, मग वरून चुना कशाला?" असं बरेच शेतकरी विचारतात. ते खडे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि पीएच १२ पर्यंत नेऊ शकत नाहीत. कामाला येतो तो भट्टीत भाजलेला कळीचा चुना किंवा पाणी घालून विरलेला चुना.

कुठे वापरायचा, कुठे नाही

घराचा पाया चुन्याच्या थरावर उभा करू नका. काळ्या मातीत ओलावा कमीजास्त होण्याचा पट्टा साधारण साडेतीन मीटरपर्यंत खोल जाऊ शकतो. वरच्या ३० सेंटिमीटरला चुना देऊन खालची तीन मीटर माती गप्प बसत नाही. भिंतींचा भार कठीण मुरमावर किंवा दगडावर न्या. तो फार खोल असेल तर तळाशी फुगा असलेले काँक्रीटचे खोल खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घ्या. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच जमिनींसाठी विकसित केली आणि तिचे नियम आयएस (भारतीय मानक) २९११ च्या तिसऱ्या भागात आहेत.

पायाच्या चरात मूठमूठ चुना भुरभुरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मातीत न मिसळलेला, न दाबलेला चुना तिथे पांढरी रेघ होऊन राहतो, त्यापलीकडे काही करत नाही.

चुन्याचं खरं काम आहे ते फरशीखालच्या थरात, अंगणात, घराभोवतीच्या पट्ट्यात, गोदामाच्या तळात आणि पाणंद रस्त्याच्या बैठकीत. इथे भार हलका असतो, म्हणून फुगवट्याला वरून दाबून ठेवणारं काही नसतं आणि नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं.

"काळी माती काढून मुरूम भरू" हा उपाय मुरूम जवळ असेल तर चांगला आहे, पण त्यात एक खोट आहे. काळ्या मातीत खणलेल्या खड्ड्यात सैल मुरूम भरला की तो पावसाळ्यात हौद होतो. पाणी मुरमातून उतरतं, खाली चिकणमातीवर साठतं आणि तिलाच फुगवतं. नीट दाबलेला चुन्याचा थर मुरमाइतकं पाणी आत घेत नाही. मी स्वतः खाली चुना दिलेला थर आणि वर मुरूम, अशी जोडी पसंत करतो.

आधी मातीची परीक्षा

पहिली चाचणी स्वस्त आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घ्या. १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांपैकी एकात रॉकेल, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी भरा. दोन्हींत माती सोडा, ढवळून हवा काढा, किमान २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमध्ये मातीचा थर १० मिलिलिटर भरला आणि पाण्यात १८, तर फुगवटा ८० टक्के. आयएस २७२० च्या ४० व्या भागात ही रीत दिली आहे. हा आकडा ५० च्या पुढे गेलेली माती महामार्गांच्या भरावात वापरायला परवानगी नाही, यावरून त्याचं वजन कळावं.

प्रयोगशाळेकडून द्रवमर्यादा (किती ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते), सुघट्यता निर्देशांक (ओलाव्याच्या किती पट्ट्यात माती मळता येते) आणि चार दिवस भिजवून काढलेला सीबीआर (मातीची भार पेलण्याची ताकद दाखवणारा टक्का) मागा. काळ्या मातीचा भिजलेला सीबीआर बहुधा २ ते ४ च्या आसपास येतो. सुघट्यता निर्देशांक १० च्या खाली असेल तर त्या मातीला चुना नकोच. तिथे सिमेंट किंवा नुसतं दाबकाम बरं.

यानंतरच्या दोन चाचण्या लोक टाळतात, आणि तिथेच फसतात. एक सेंद्रिय पदार्थ: ते २ टक्क्यांहून जास्त असतील तर चुना त्यांच्यातच खर्ची पडतो. दुसरी सल्फेट. मातीत सल्फेट असेल तर चुना, ॲल्युमिना आणि पाणी यांच्याशी मिळून एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात आणि थर आधीपेक्षाही जास्त फुगतो. ०.२ टक्क्याच्या आत असेल तर निर्धास्त राहा. त्यावर असेल तर जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय एक पोतंही उतरवू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात ही चाचणी कराच, आणि कामाचं पाणीही तपासा. चोपण जमीन सुधारायला शेतात पूर्वी जिप्सम टाकलं असेल तर तेही सांगा. जिप्सम म्हणजे सल्फेटच.

चुना कोणता आणि ताजा कसा ओळखायचा

विरलेल्या चुन्याची भुकटी लहान कामाला सोपी. कळीचा चुना वजनाला कमी लागतो, कारण एक किलो कळीपासून सुमारे १.३२ किलो विरलेला चुना होतो. ओलसर माती सुकवायलाही तो उपयोगी पडतो. पण तो विरताना पाणी उकळेल इतकी उष्णता सोडतो, म्हणून नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. कटनी आणि राजस्थानातल्या गोटनकडचा चुना बाजारात सहज मिळतो. नाव कुठलंही असो, त्यात सक्रिय चुना किती टक्के याचा दाखला मागा. ७० टक्क्यांहून कमी असेल तर घेऊ नका.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू परत चुनखडी होतो. उघड्या, फाटक्या पोत्यातला जुना चुना म्हणजे चुनखडीची पूडच. चिमूटभर चुन्यावर थोडं व्हिनेगर टाका. खूप फसफसला तर तो बराच मेलेला आहे. पोती लाकडी फळ्यांवर, ताडपत्रीखाली ठेवा आणि काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधीच मागवा, महिनाभर आधी नको.

प्रमाण ठरवणं

काळ्या मातीला बहुधा कोरड्या वजनाच्या ३ ते ६ टक्के चुना लागतो. नेमका आकडा पीएच चाचणीतून काढायचा. झाकणाच्या पाच बाटल्यांत २५-२५ ग्रॅम माती घ्या, त्यांत अनुक्रमे २, ३, ४, ५ आणि ६ टक्के चुना आणि प्रत्येकीत १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घाला. तासभर दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट जोरात हलवा आणि मीटरनं पीएच मोजा. कागदी पट्ट्या इथे चालत नाहीत. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला पीएच १२.४ येतो, तिथून सुरुवात. मग त्या प्रमाणाचे आणि त्याच्या एक टक्का वरचे नमुने करून त्यांचा सीबीआर आणि फुगवटा तपासून घ्या.

प्रयोगशाळेला त्यांच्याकडचा शुद्ध चुना वापरू देऊ नका. जो साइटवर येणार तोच द्या. शुद्ध चुन्यावर ४ टक्के ठरलेलं प्रमाण ७० टक्क्यांच्या चुन्याला पावणेसहाच्या जवळ जातं, आणि हा फरक कुणी लक्षात घेतला नाही तर थर उपाशी राहतो.

आता हिशोब. १० मीटर बाय १२ मीटरचं जोतं, १५-१५ सेंटिमीटरचे दोन थर, चुना मिसळलेल्या मातीची दाबलेली कोरडी घनता १,४५० किलो प्रति घनमीटर, चुना ४ टक्के. एका चौरस मीटरच्या एका थरात माती सुमारे २१७ किलो, तिला चुना ८.७ किलो. १२० चौरस मीटर आणि दोन थर मिळून २,०९० किलो, म्हणजे २५ किलोची ८४ पोती. वाऱ्यानं उडणं, सांडणं धरून ९० मागवा. एक पोतं एका थराच्या २.९ चौरस मीटरला पुरतं. म्हणून फक्कीनं १.७ मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येकात एक पोतं ठेवा. मजुराच्या अंदाजापेक्षा हा चौकोन विश्वासाचा.

माती फोडणं: खरी कसोटी

काम फसलेला थर खणून पाहिला की बहुतेकदा एकच दृश्य दिसतं. वरून पांढुरकी ढेकळं, आणि फोडली की आत तीच काळीकुळकुळीत, चिकट माती. चुना ढेकळाच्या सालीपर्यंत पोचला, पोटात गेलाच नाही. पावसाळ्यात ते पोट फुगतं. भारतीय रस्ते महासभेला काळी माती फोडण्यापुरती एक वेगळी संहिता, आयआरसी ४९, काढावी लागली ती याचसाठी.

मे महिन्यात ही माती विटेसारखी असते, तेव्हा जेसीबीनं नुसते डोंगर निघतात. पावसाळ्यात ती लोण्यासारखी होते. मधली वेळ साधायची, आणि ती शेतकऱ्याला अभियंत्यापेक्षा चांगली कळते: वापसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी वेळ. पेरणीला जसा वापसा बघता तसाच इथे बघा. हिवाळा सरताना ही स्थिती सापडते. नाहीतर वाळलेल्या जमिनीवर पाणी मारून एक-दोन दिवस थांबावं लागतं.

वरचा १५ सेंटिमीटर मुळ्या-पाल्याचा थर काढून शेतात टाका. त्याखालची १५ सेंटिमीटर माती उकरून बाजूला ढीग लावा. आता तळाची १५ सेंटिमीटर जागेवरच नांगरा, मोठे दगड वेचा आणि रोटाव्हेटरच्या तीन-चार पाळ्या द्या. सर्वांत मोठं ढेकूळ आवळ्याएवढं, आणि बहुतांश माती ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून बारीक, इथवर यायला हवं. फोडून होत नसेल तर ठरलेल्या चुन्याचा अर्धा भाग आधी मिसळा, पाणी मारा, हलकं दाबून एक-दोन दिवस सोडा. चुन्यानं माती स्वतःच भुसभुशीत होते आणि पुढच्या पाळीत ढेकळं सहज फुटतात. जड काळ्या मातीत मी हा दोन हप्त्यांचा मार्ग नेहमीच धरेन.

पोतं फोडण्याआधी

पानाला लावतो तोच चुना म्हणून लोक त्याला हलकं घेतात. डोळ्यात गेलेला चुना कायमचं अंधत्व आणू शकतो. बंद कडांचा चष्मा, मास्क, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि गमबूट एवढं प्रत्येकाला द्या. घामट अंगावर चुना बसला की कातडी भाजते. जवळ स्वच्छ पाण्याचा ड्रम भरून ठेवा. डोळ्यात गेला तर डोळा न चोळता किमान १५-२० मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि तसंच दवाखान्यात न्या. वारा सुटला असेल तर त्या दिवशी पसरू नका. मुलं आणि गुरं लांब.

पसरणं, मिसळणं, मुरवणं

चौकोनातली पोती फोडून फावड्यानं सारखी पसरा, आणि पसरलेला चुना त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात मातीत घ्या. आधी कोरड्या पाळ्या, मग पाणी शिंपडत पाळ्या. रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत रोटाव्हेटर थांबवायचा नाही. पाणी प्रयोगशाळेनं सांगितलेल्या इष्टतम ओलाव्यापेक्षा (ज्या ओलाव्याला माती सर्वांत घट्ट दाबली जाते) २-३ टक्के जास्त ठेवा, कारण चुना पाणी खातो आणि ऊनही. मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण तळहात ओला होऊ नये.

मध्ये एक खड्डा करून त्याच्या भिंतीवर फिनॉल्फथॅलिनचं (चुन्यानं गुलाबी होणाऱ्या रसायनाचं) द्रावण फवारा. जिथवर गुलाबी होतं तिथवर चुना पोचला. रंगावरून चुना आहे एवढंच कळतं, पुरेसा आहे का हे नाही. पण १५ ऐवजी ९ सेंटिमीटरवरच गुलाबी संपलं तर रोटाव्हेटरचा फाळ खोल गेला नाही हे तिथल्या तिथे पकडता येतं.

मग हलका रोलर फिरवून पृष्ठ मिटवा म्हणजे हवा आणि पाऊस आत जाणार नाही, आणि २४ ते ४८ तास मुरू द्या. दोन हप्त्यांत काम करत असाल तर उरलेला अर्धा चुना यानंतर घालून पुन्हा मिसळा.

दाबणं

शेवटचं मिसळणं झालं की त्याच दिवशी, साधारण तीन तासांत दाबकाम संपवा. नुकते बांधले जाणारे बंध उद्याच्या रोलरनं तुटतात. ८ ते १० टनांचा रोलर असेल तर १५ सेंटिमीटरचा थर चालतो. हातानं ढकलायचा लहान रोलर असेल तर थर १० वर आणा. थर कडेकडून मधे दाबत जा.

इथे एक वाद हमखास होतो. चुना घातल्यावर मातीची कमाल घनता कमी होते आणि इष्टतम ओलावा वाढतो. कोऱ्या मातीच्या घनतेशी तुलना करणारा पर्यवेक्षक "दाब आला नाही" म्हणून काम नापास करतो. तुलना चुना मिसळलेल्या मातीच्याच प्रयोगशाळेतल्या घनतेशी करा, वाळूभरण पद्धतीनं (थरातला खड्डा मोजलेल्या वाळूनं भरून) मोजा आणि किमान ९५ टक्के गाठा.

खालचा थर झाला की बाजूचा ढीग परत आणून त्याला तेच सगळं करा. वरचा थर चढेपर्यंत खालच्या थराचा पृष्ठभाग कोरडा पडू देऊ नका. आणि हा दाबलेला चौथरा जमिनीच्या पातळीखाली सोडू नका. सोडलं तर आपणच हौद बांधला. वर मुरूम चढवून जोत्याचा तळ आजूबाजूपेक्षा उंच आणा. चुन्याचा पट्टा भिंतीच्या बाहेर किमान एक मीटर जाऊ द्या. शेतरस्त्याला मध्य उंच ठेवा. तीन मीटर रुंदीत मधोमध ६ सेंटिमीटर चढ पुरेसा. वर मुरूम-खडीचा थर हवाच, कारण उघडा चुन्याचा थर ट्रॅक्टरच्या चाकाखाली धुळीसारखा उडतो.

सात दिवस ओल

किमान सात दिवस थर ओलसर ठेवा. ओली गोणपाटं, प्लास्टिक किंवा लगेच पसरलेला ओला मुरूम, काहीही चालेल. पाणी तुंबवू नका. बैलगाडीसुद्धा जाऊ देऊ नका. पुढचे महिने ताकद वाढतच राहते, म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत थर झाकून झाला तर पावसाळ्याआधी त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मेअखेरीस घाईनं उरकलेला थर पहिल्याच वळवाच्या सरीत सापडला तर चुना धुपून जातो.

यानंतर घरमालकाचं काम उरतं ते पाण्याचं. न्हाणीचं पाणी जोत्याला लागू देऊ नका, पागोळ्या पन्हाळीतून दूर न्या, शोषखड्डा भिंतीपासून लांब खणा, निलगिरीसारखी पाणी ओढणारी झाडं घराला खेटून लावू नका. एका कोपऱ्यात कायम ओल आणि दुसऱ्यात कायम कोरडं, हेच भिंती फोडतं. पहिल्या पावसाळ्यात चार कोपरे आणि मध्य, अशा पाच ठिकाणी फरशीची पातळी पाण्याच्या नळीनं मोजून भिंतीवर पेन्सिलनं नोंदवा, दिवाळीनंतर पुन्हा मोजा, आणि एखाद्या कोपऱ्यात फरक दिसला तर फरशीला हात लावण्याआधी त्या बाजूचा नळ आणि गटार तपासा.